खानझोडे बाबू आणि अबोलीचा पत्ता

नंदकिशोर खानझोडेंना बालाघाटात तोंडावर 'बाबूजी' म्हणत. पाठ फिरली की 'परत बाबू'. नाव कोणी ठेवलं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठेवणारा अजून शेजारीच राहतो, तेव्हा जाऊ द्या.

नाव मात्र खोटं नव्हतं. बैहरच्या तहसील कचेरीत मूल निवासी प्रमाणपत्राच्या टेबलावर हा माणूस बावीस वर्षं बसला आणि जेवढे अर्ज त्याने पुढे सरकवले, त्याहून जास्त परत केले. मूल निवासी म्हणजे अमका माणूस इथलाच, असा सरकारी कागद. तो नसला तर पोराला कॉलेज नाही, नोकरी नाही. मलाजखंडच्या खाणीवरचे ठेकेदार सफारी घालून यायचे, डोंगरातले म्हातारे दोन दिवस चालून यायचे. बाबू दोघांकडे सारख्याच थंडपणे बघायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "निवास का प्रमाण?"

सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. उमाबाईंचा भाऊ वसंता आठ वर्षं गोंदियाला राहून परत आलेला. गोंदिया म्हणजे काय, सकाळी निघालं तर चहा तिथं प्यावा इतकं जवळ. पण मधे राज्य बदलतं. वसंता पोराचा अर्ज घेऊन आला, तर बाबूंनी आठ वर्षांवर बोट ठेवलं.

"भाऊजी," वसंता म्हणाला, "तुमच्या लग्नात तुमचे जोडे म्या सांभाळलेते."

"जोड्याचा दाखला मांगतला असता तर आताच देला असता," बाबू म्हणाले, आणि अर्ज परत.

पुढची तीन वर्षं उमाबाईंची भाऊबीज कोरडी गेली. त्या तीन वर्षांत बाबूंच्या ताटात वांग्याची भाजी किती वेळा आली याचा हिशोब गल्लीने ठेवलेला आहे. बाबूंना वांगं चालत नाही.

एक गोष्ट मात्र बाबू कोणाला सांगत नसत. पुनाराम नावाचा एक माणूस बैहरकडच्या जंगलातल्या गावाहून आला होता. अर्जासोबत त्याने रेशन कार्ड लावलेलं. बाबूंनी बघितलं, कार्डावर त्याच्या आईचं नाव तसंच होतं, आणि अर्जात लिहिलेलं की आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाबूंनी लाल पेन काढला.

पुनारामने टेबलाची कड धरली. "बाबूजी, नाम रहने देते. उसकी शक्कर नहीं लूँगा."

बाबूंनी नावावर रेघ मारली. नियमच होता तो. मेलेल्याच्या नावावर कागद चालवायचा नाही, हे ते कचेरीतल्या पहिल्या दिवशी शिकलेले. पुनाराम कार्ड घेऊन गेला. गोष्ट एवढीच. पण रिटायर होऊन घरी बसल्यावरही कधी जेवता जेवता बाबू मधेच थांबायचे, आणि उमाबाई विचारायच्या, "काय झालं?" तर म्हणायचे, "काही नाही."

या परत बाबूंच्या घरी एकच माणूस असं होतं की त्याचं काही कधी परत झालं नाही. त्यांची लेक, अबोली. ती मागेल ते मंजूर. जबलपूरला कम्प्युटर शिकायचं, मंजूर. अमेरिकेला जायचं, तेही मंजूर, फक्त त्या दिवशी बाबू मोतीबागेला फिरायला गेले ते अंधार पडेस्तो आले नाहीत. ती जिथं राहायला गेली तिथं वर्षातले पाच महिने बर्फ. उमाबाई रोज विचारायच्या, "तिथं तिले थंडी वाजत असंन नाही?" जसं काय बाबूंनी जाऊन बघितलंय.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमधे तिचा फोन आला.

"बाबा, म्या इथं माह्या नावाचा पत्ता घेतला. इंटरनेटवरचा. अबोली-खानझोडे, टिंब, यूएस."

"यूएस काहून? आपल्या देशाचं नसते काय?"

"असते, पण ते सहजी भेटत नाही अजून. हरेक देशाची दोन अक्षरं असतात, बाबा. अन् ती कोणाले द्यायची ते ज्याचं त्याचं ठरलेलं. काही लहान लहान बेटं हायेत, ते कोणालेही देतात. इथले लोक देत नाहीत. बाहेरच्याले तर नाहीच." मग ती हसायला लागली. "अन् अर्जात काय विचारलं सांगू? तुमच्याच टेबलावरचा सवाल. तू इथली नागरिक हायेस काय? कायमची रहिवासी हायेस काय? नाहीतर तुहं राहतं घर इथं हाये काय?"

बाबू खुर्चीत सरळ झाले. "मंग? काय लिवलं?"

"तिसरं. राहतं घर."

"कागद कोणता लावला?"

"कागद मांगतच नाहीत. खूण केली, झालं."

"नुस्ती खूण?"

दोन दिवस बाबूंना हे पचलं नाही. कायदा इतका कडक आणि दारावर माणूस नाही, म्हणजे काय ते राज्य. भेटेल त्याला सांगत सुटले. पानवाल्याने शेवटी हात जोडले. पण सांगताना त्यांची छाती कशी फुलायची ते लपत नव्हतं. परक्या मुलखात त्यांच्या लेकीला मूल निवासी मिळालं होतं, आणि तेही त्यांच्या आडनावासकट.

फोन ठेवायच्या आधी अबोली म्हणाली होती, "आईले सांगा, या पत्त्यावर लिवलं का मले पोचते. म्या नोकरी बदलली, गाव बदललं, कुठंही असली, तरी हा पत्ता नाही बदलणार."

तेव्हापासून रविवार ठरला. उमाबाई सकाळी भाजी निवडता निवडता सांगायच्या, बाबू वहीत उतरून घ्यायचे, आणि काली पुतली चौकाजवळ दुलीचंदच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी छापायचे. दुकान वरच्या मजल्यावर, जिना शिडीसारखा उभा, उमाबाईंच्या गुडघ्यांना तो चढणं शक्य नव्हतं. दुलीचंद म्हणजे आधीचा एसटीडी बूथवाला, पन्नाशीचा, जिभेला हाड नसलेला. बाबूंना 'कढीपत्ता' छापायला किती मिनिटं लागली, हे तो बाकीच्या गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायचा.

दोन हजार पाचच्या जानेवारीत अबोलीची गाडी बर्फावरून घसरली.

तिची खोलीसोबतीण वल्लरी, नागपूरकडची, तिने तिथलं सगळं केलं. मृत्यूचा दाखला, सामान, अस्थी. वैनगंगेवर जायच्या दिवशी गल्ली आली होती सगळी. वसंता आला होता. त्याने तिथं बाबूंचे जोडे हातात धरून ठेवले, आणि कोणी हसलं नाही.

महिना झाल्यावर एका रविवारी उमाबाई पालकाची जुडी घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वही घ्या."

बाबूंना कळलंच नाही.

"रविवार हाये. लिवायचं नाही काय?"

"उमा," बाबू म्हणाले, "कोणाले लिवू?"

"पत्त्यावर लिवा. पत्ता हाये ना अजून?" त्यांनी पान खुडलं. "लिवा. कढीपत्त्याले नवीन पालवी आली. पुष्पलताबाईच्या म्हशीनं बाहेरची तुळस खाल्ली, पुष्पलताबाई म्हणते तिची म्हैस तसली नाही."

बाबूंनी लिहिलं. दुलीचंदकडे गेले, छापलं, पाठवलं. मग उठले नाहीत. स्टुलावर बसून राहिले, तासभर. तासाने ई-मेलची पेटी उघडून बघितली आणि घरी आले.

"परत आलं काय?" उमाबाईंनी दारातच विचारलं.

"नाही."

"मंग पोचलं."

आता हे कुठून आलं ते सांगायला हवं. उमाबाईंचे वडील लामत्याला पोस्टमास्तर. डाकेच्या थैल्यांवर झोपून ही बाई लहानाची मोठी झालेली. माणूस सापडला नाही तर पत्र शिक्का मारून परत येतं, हे तिने लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं. परत येत नाही ते पोचलेलं असतं. घेणाऱ्याने उत्तर नाही दिलं तर तो घेणाऱ्याचा प्रश्न. डाकखान्याचं काम झालं.

लेक गेली हे तिला कळत नव्हतं असं समजू नका. कळत होतं, बाबूंपेक्षा जास्त. पण अबोलीने सांगितलं होतं, कुठंही असली तरी. तेवढ्यावर ती बाई उठून स्वयंपाक करत होती, केस विंचरत होती, जेवत होती. बाबूंना ते दिसत होतं. म्हणून दर रविवारी तो तास, पत्र परत येतं का ते बघायला.

"बाबूजी," दुलीचंद म्हणायचा, "ई-मेल है, बैहर की बस नहीं. घंटा भर किसकी राह देखते हो?"

"तुम्हारा क्या जाता है?"

"मेरा स्टूल जाता है. पाया ढीला हो गया."

असे पाच महिने गेले. जुलैत बाबूंच्या पेटीत एक इंग्रजी सूचना येऊन पडली. अबोलीने पत्ता घेताना अडीअडचणीला म्हणून बापाचं नाव दिलं होतं, त्यामुळे ती त्यांच्याकडे आली. सतरा ऑगस्टला नावाची मुदत संपते. वाढवली नाही तर नाव जाईल आणि त्यासोबत त्याच्यावर येणारी पत्रंही.

बाबूंनी वल्लरीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. तिचा पासवर्ड माझ्याकडे आहे, तो पाठवते, तिच्या नावाचं तुम्हीच केलेलं बरं. आत जायचं, मुदत वाढवा म्हणून बटण आहे, ते दाबायचं. पैसे मी भरते. माझ्या नावावर घेतलं असतं, पण माझा व्हिसा संपतोय, पुढच्या महिन्यात मीच नागपूरला परत. मग माझंही तिथं घर नाही."

दुसऱ्या दिवशी बाबू दुलीचंदच्या पडद्यासमोर बसले. पासवर्ड टाकला. अबोलीचं नाव आलं, तिचा पत्ता आला, फोन नंबर. खाली विचारलं होतं, ही माहिती आजच्या तारखेला खरी आहे ना, वाचून पुढे जा. आणि त्या माहितीत ती तिसरी खूण होती. राहतं घर इथं आहे.

बाबू ते वाचत बसले.

"दबा दो बाबूजी," दुलीचंद मागून म्हणाला. "अमरीका से कौन देखने आ रहा है."

"हम देख रहे हैं ना."

मेलेल्याच्या नावावर कागद चालवायचा नाही. बटण एवढंसं होतं, आणि त्यांचं बोट कम्प्युटरच्या उंदरावर ठेवलेलं. बावीस वर्षांत त्यांनी एक खोटी खूण केली नव्हती की होऊ दिली नव्हती. आणि पहिली खोटी खूण करायची ती अबोलीच्या नावावर? त्यांना वाटलं, खोट्यावर उभा केलेला पत्ता म्हणजे पत्ता नव्हे. कोणी एक दिवस लाल पेन घेऊन येईल आणि रेघ मारेल. त्यापेक्षा रीतसर अर्ज करावा. सगळं खरं सांगावं. खरं सांगणाऱ्याला कोणी ना कोणी बाबू वाट काढून देतो, असं त्यांना वाटलं. हे वाटावं कोणाला, तर परत बाबूंना.

उमाबाईंना त्यांनी सांगितलं नाही. मंजूर झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणाले.

तीन दिवस अर्ज लिहिणं चाललं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचलेला माणूस पहिल्यांदा स्वतःचा लिहीत होता. विषय, दिवंगत मुलीच्या नावाची नोंद पित्याच्या नावे करण्याबाबत. इंग्रजी त्यांचंच, कचेरीतलं, प्रत्येक वाक्यात 'सविनय'. मग जोडपत्रं. मृत्यूचा दाखला, तोही अमेरिकेचा, बालाघाटच्या एका प्राचार्यांकडून सही-शिक्का मारून सत्यप्रत केलेला. प्राचार्यांनी विचारलं, "याची सत्यप्रत मी कशी करणार?" बाबू म्हणाले, "मूळ प्रत दाखवतो ना." रेशन कार्ड, त्यात मुलीचं नाव, म्हणजे बाप-लेकीचं नातं सिद्ध. आणि सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पाकिटात, त्यांचं स्वतःचं मूल निवासी प्रमाणपत्र.

ते कशाला लावलं असं कोणी विचारू नये. त्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या माणसाच्या हाताला तेच जोडपत्र आधी सापडणार. अर्जात लिहिलं होतं की माझं राहतं घर तुमच्या देशात नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आणि पुरावा म्हणून कागद जोडला होता, की हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या बालाघाट जिल्ह्याचा आहे.

एक प्रत दुलीचंदकडून स्कॅन करून ई-मेलने, दुसरी रजिस्टर्ड पोस्टाने, तिसरी घरी, फाइलीत.

पोस्टाची पोचायच्या आत ई-मेलचं उत्तर आलं. नोंदणी करणाऱ्या कंपनीतल्या कोण्या बाईने लिहिलेलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपण कळवल्याप्रमाणे नोंदणीधारक हयात नाही, म्हणून खातं बंद ठेवलं आहे. नाव दुसऱ्याच्या नावे करायचं तर तो माणूस नियमात बसावा लागतो, म्हणजे नागरिक, कायमचा रहिवासी किंवा इथं राहतं घर असणारा. आपण जोडलेल्या कागदांवरून आपण यांपैकी कशात बसत नाही. क्षमस्व.

बाबूंनी ते चार वेळा वाचलं. चूक काढायला वाचत होते, सवयीने. चूक नव्हती. त्यांनी लिहिलं असतं तरी असंच लिहिलं असतं, 'दुःखात सहभागी' सोडून. ते त्यांनी कधी कोणाला लिहिलं नव्हतं.

वल्लरीने फोनवर आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं कशाला? फक्त दाबायचं होतं. कोणीच विचारलं नसतं. आता मी आत जाऊन बघितलं तर बंद केलंय त्यांनी."

"हौ, बेटा," बाबू म्हणाले.

"काकू लिहितात का अजून?"

"हौ."

वल्लरी रडायला लागली तेव्हा बाबूंनी फोन कानापासून थोडा दूर धरला, पण ठेवला नाही.

सतरा तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी दुसरा अर्ज केला. जोडपत्रं नव्हती. विषयही नव्हता. इंग्रजी शब्द शोधत शोधत लिहिलं की आम्हाला हे नाव वापरायचं नाही, त्यावर काही विकायचं नाही. आठवड्याला एक पत्र येतं, तेही लहान असतं. नाव तेवढं राहू द्या, दुसरं आम्ही काही घेणार नाही.

लिहून झाल्यावर बाबू त्या ओळीकडे बघत राहिले. ती त्यांची नव्हती. ती त्यांनी बैहरच्या टेबलावर ऐकलेली होती, आणि तेव्हा हातात लाल पेन होता.

दुलीचंदने मागून वाचलं असावं. तो उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

उत्तर आलं, त्याच बाईचं. तेच लिहिलं होतं, फक्त जास्त मायेनं.

मुदत संपली, तरी लगेच काही झालं नाही. ऑगस्टचा एक रविवार गेला, मग दुसरा, पत्रं जात राहिली. बाबूंच्या मनात कुठं तरी उजेड पडायला लागला. तिकडं कोणी फाइल खाली ठेवली असेल. खाली ठेवलेल्या फाइली वर्षानुवर्षं तशाच राहतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी उमाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. "लिवा," म्हणाल्या, "दसऱ्याले वसंतामामा येऊन राह्यला. तुह्या बाबानं सोताहून बोलावलं. तुले हसू येईन." मग थोडं थांबून, "लिवा, थंडी पडायच्या आत सेटर काढून ठेवजो."

बाबूंनी तसंच छापलं. सेटर ठेवजो. पाठवलं. स्टूल ओढायला ते मागे वळले, तेवढ्यात पेटीत नवीन पत्र आल्याचा आवाज झाला.

त्यांचंच होतं. वर इंग्रजीत दोन ओळी, की असा पत्ता सापडत नाही, आणि खाली उमाबाईंचे शब्द जसेच्या तसे, वसंतामामा, दसरा, सेटर. मिनिटही झालं नव्हतं. लामत्याच्या डाकखान्यात पत्र परत यायला निदान महिना लागायचा.

बाबू उठले. वही घेतली, जिन्यापाशी गेले, दोन पायऱ्या उतरले. मग घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं. आता घरी गेलं तर साडेदहा. उमा दारातच विचारेल, आज इतक्या लवकर कसे?

ते दोन पायऱ्या वर चढले आणि येऊन स्टुलावर बसले.

दुलीचंदने पडद्याकडे बघितलं, बाबूंकडे बघितलं. त्याने पंखा त्यांच्या बाजूला वळवला आणि खालून दोन चहा मागवले. बाबूंचा चहा तसाच गार झाला. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि परत आलेलं पत्र समोर पडद्यावर उघडंच होतं.

अकरा वीसला ते उठले.

उमाबाई दारात उभ्या होत्या. "परत आलं काय?"

खानझोडे बाबूंनी बावीस वर्षं एक खोटी खूण केली नव्हती. त्यांनी जोडे काढले, जागेवर नीट लावले, एक थोडा वाकडा होता तो सरळ केला.

"नाही," म्हणाले.

"मंग पोचलं," उमाबाई म्हणाल्या, आणि ताट वाढायला आत गेल्या. वांगं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी तसंच चालतं. पत्र जातं, मिनिटाच्या आत परत येतं. दुलीचंदने स्टुलाचा पाय नवीन करून घेतला आणि ते खिडकीपाशी ठेवलं. आवाज झाला की तो स्वतःच पडदा बंद करतो. बाबू खिडकीतून चौकाकडे बघत बसतात, आणि तास पुरा झाल्याशिवाय उठत नाहीत.